लांबलचक मेथड फोडून छोट्या मेथड्स करायच्या कशा (दूध डेअरीच्या बिलाचं उदाहरण घेऊन)

प्रोग्रामरचा नवीन जॉब लागला की पहिल्या महिन्यात कधीतरी हे होतंच. टीममधलं कोणीतरी सांगतं की बिलात एक छोटा बदल आहे, तू घे, आणि तुम्ही फाइल उघडता तर समोर एकच मेथड, स्क्रोल करताय करताय तरी संपत नाही, वरती डिक्लेअर केलेलं व्हेरिएबल तीनशे ओळी खाली जाऊन वापरलंय, मध्ये इफच्या आत इफच्या आत इफ. बदल दोन ओळींचा असतो पण त्या दोन ओळी नेमक्या कुठे घालायच्या हे कळायलाच दोन दिवस जातात. अशी मेथड कशी फोडायची ते मी इथे पहिल्यापासून सांगतो. ज्यांनी हे कधीच केलं नाही त्यांच्यासाठी लिहितोय, त्यामुळे सिनियर लोकांना काही गोष्टी माहीतच असतील.

उदाहरण गावातल्या दूध संस्थेचं घेतो, कारण त्या सॉफ्टवेअरवर मी काम केलंय आणि तिथला हिशोब सगळ्यांना समजतो. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घेऊन येतो, काट्यावर मोजलं जातं, सॅम्पल मशीनला लावलं की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, त्याप्रमाणे दरपत्रकातून दर लागतो आणि स्लिप हातात मिळते. गायीचं दरपत्रक वेगळं, म्हशीचं वेगळं. गायीच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलतात आणि त्याच्या वर-खाली पॉइंटप्रमाणे बदलतो. दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातनं पशुखाद्याची पोती, घेतलेली उचल, मागची बाकी कापतात आणि उरलेले पैसे बँकेत जातात.

आता हे सगळं एकाच मेथडमध्ये आहे असं समजा. साधारण अशी दिसते ती:

बिल_काढ(सभासद_क्रमांक, पासून, पर्यंत, प्रकार, छापायचं_का)
    // सभासद शोधणे
    // संकलनाच्या नोंदी आणणे
    // प्रत्येक नोंदीसाठी लूप
    //     गाय असेल तर हे, म्हैस असेल तर ते
    //     फॅट शून्य आलं असेल तर आधीच्या वेळचं फॅट धरणे
    //     दर शोधणे, रक्कम काढणे, बेरजेत टाकणे
    // पशुखाद्य कपात
    // उचल कपात
    // मागची बाकी
    // बिल डेटाबेसमध्ये लिहिणे
    // सभासदाला एसएमएस
    // छापायचं असेल तर प्रिंट

प्रत्येक कमेंटखाली वीस ते साठ ओळी आहेत असं धरा, म्हणजे एकूण चारशेच्या आसपास. (मी नावं देवनागरीत लिहितोय ती फक्त वाचायला सोपं जावं म्हणून. पायथन ३ आणि जावा दोन्हींमध्ये देवनागरी नावं खरंच चालतात, पण टीममध्ये जी पद्धत असेल तीच पाळा.)

पायरी १: हात लावायच्या आधी जुनं आउटपुट पकडून ठेवा

रिफॅक्टरिंग म्हणजे कोड बाहेरून जसा वागत होता तसाच वागला पाहिजे, फक्त आतली मांडणी बदलायची. "तसाच वागतोय" हे तुम्ही डोळ्यांनी चेक करू शकत नाही, चारशे ओळींमध्ये तर अजिबातच नाही. म्हणून टेस्ट लागते. आणि अशा मेथडला टेस्ट नसतातच, हे गृहीत धरून चला.

घाबरायचं कारण नाही, इथे हुशार टेस्ट लिहायची गरज नाहीये. मागच्या महिन्याचा डेटा घ्या, नाव आणि बँक खातं काढून टाका किंवा बदला (हे विसरू नका, लोकांचा पैशाचा डेटा लॅपटॉपवर घेऊन फिरायचा नसतो), पन्नासेक सभासद निवडा, जुन्या कोडवर त्यांचं बिल काढा आणि जे येईल ते जसंच्या तसं एका फाइलमध्ये साठवा. पुढे प्रत्येक पायरीनंतर परत बिल काढायचं आणि दोन्ही फाइल्स ताडून बघायच्या, एक अक्षर जरी वेगळं आलं तरी थांबायचं. जुनं आउटपुट बरोबर आहे का चूक हा प्रश्न आत्ता विचारायचाच नाही. आज कोड जे करतो ते पकडून ठेवायचंय, एवढंच.

सभासद निवडताना मात्र डोकं लावा. सरळसाधे सगळेच घेतले तर काही पकडलं जात नाही. गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध घालणारा एक घ्या, मधले तीन दिवस न आलेला एक घ्या, दहा दिवसांत एक थेंबही न घातलेला पण उचल बाकी असलेला एक, कपात बिलापेक्षा जास्त झालेला एक, मशीन बंद होतं म्हणून फॅट शून्य नोंदलेला एक. अशा सात-आठ सभासदांनी जेवढं पकडलं जातं तेवढं बाकीच्या चाळीसांनी मिळून पण पकडलं जात नाही.

इथे दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली म्हणजे मेथडच्या आत कुठेतरी आजची तारीख घेतलेली असते, त्यामुळे आज एक आउटपुट आणि उद्या दुसरं. ती तारीख बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या. टेस्ट नसताना करायचा हा एकच बदल, आणि तो छोटा असतो. दुसरी गोष्ट एसएमएस. टेस्ट चालवली आणि पन्नास शेतकऱ्यांच्या फोनवर "आपले बिल जमा झाले" गेलं तर काय होईल विचार करा. टेस्ट चालवायच्या आधी एसएमएस पाठवायची की (पासवर्डसारखा कोड) काढून टाका, डेटाबेस प्रोडक्शनचा (म्हणजे खरा, चालू) नाहीये हे दोनदा बघा, आणि मगच पुढे जा.

पायरी २: प्रिंट काढा किंवा निदान पेन घेऊन बसा

मी अजूनही एवढी मोठी मेथड कागदावर काढतो. समासात रेघा मारायच्या, कुठून कुठपर्यंत एक काम चाललंय ते. बऱ्याचदा कमेंट किंवा मोकळी ओळ दिसली की तिथे नवीन काम सुरू झालंय. ज्याने कोड लिहिला त्याला पण ते वेगळं काम वाटलं होतं, म्हणून तर त्याने कमेंट टाकली, फक्त मेथड करायची राहून गेली.

मग व्हेरिएबल्स बघायची. प्रत्येक व्हेरिएबल कुठे जन्माला आलं, कुठे बदललं आणि शेवटचं कुठे वापरलं, त्या तीन जागा जोडून बाण काढा. जे व्हेरिएबल एकाच तुकड्यात जन्मतं आणि तिथेच संपतं त्याची चिंता नाही. वरून खालपर्यंत जाणारे लांब बाण जे असतात, आमच्या उदाहरणात एकूण_रक्कम आणि एक टेंप नावाचं व्हेरिएबल जे चार वेगवेगळ्या कामांसाठी परत परत वापरलंय, तिथेच पुढे अडकायला होतं. टेंपसारखं व्हेरिएबल दिसलं तर पहिल्यांदा त्याला फोडा, प्रत्येक वापराला वेगळं व्हेरिएबल, वेगळं नाव. याला पाच मिनिटं लागतात आणि पुढचे दोन तास वाचतात.

पायरी ३: पहिला तुकडा काढा, आणि तो एडिटरलाच काढू द्या

पहिला तुकडा सर्वात सोपा घ्या, महत्त्वाचा नको. आपल्याकडे पशुखाद्य कपात. ती वीस-पंचवीस ओळींची आहे, सभासद आणि तारखा घेते आणि एक आकडा देते.

त्या ओळी सिलेक्ट करा आणि एक्स्ट्रॅक्ट मेथड करा. इंटेलिजेमध्ये विंडोजवर कंट्रोल-ऑल्ट-एम, मॅकवर कमांड-ऑप्शन-एम. इक्लिप्समध्ये ऑल्ट-शिफ्ट-एम. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये कंट्रोल-आर आणि मग कंट्रोल-एम. व्हीएस कोडमध्ये सिलेक्ट करून कंट्रोल आणि टिंब दाबलं की मेनू येतो, पण तिथे ही सोय त्या भाषेच्या एक्स्टेंशनवर अवलंबून असते.

कट-पेस्ट करून हाताने पण होतं, पण एडिटर एक काम करतो जे आपल्याकडून हमखास चुकतं. सिलेक्ट केलेल्या तुकड्यात जी व्हेरिएबल्स वरून येतात ती पॅरामीटर होतात, आणि तुकड्यात बदललेली जी व्हेरिएबल्स खाली परत वापरली जातात ती रिटर्न व्हावी लागतात. एडिटर हे मोजून करतो. एआय असिस्टंटला पण सांगता येतं आणि तो पटकन करतो, पण तो कोड नव्याने लिहितो त्यामुळे कधी एखादी कंडिशन गुपचूप बदललेली असते, सगळ्या ओळी वाचाव्या लागतात. एक्स्ट्रॅक्टला एडिटरची कमांडच वापरा, एआयला नावं सुचवायला सांगा.

कधीकधी एडिटर म्हणतो जमत नाही, कारण दोन व्हेरिएबल्स रिटर्न करावी लागताहेत. नवीन लोक इथे वैतागून सोडून देतात, पण खरं तर एडिटरने तुम्हाला मोठी मदत केलीय, त्या तुकड्यात दोन कामं गुंतलीत हे त्याने दाखवून दिलंय. मग तीन गोष्टी करून बघा. ओळींची जागा हलवून एकाच व्हेरिएबलच्या सगळ्या ओळी जवळ आणता येतात का बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं. नाहीतर तुकडा अजून छोटा घ्या. आणि ती दोन्ही व्हेरिएबल्स कायम जोडीनेच फिरत असतील, जसं फॅट आणि एसएनएफ, तर त्यांचा एक छोटा क्लास करून टाका. आम्ही त्याला दूधप्रत म्हणायला लागलो आणि मग दर_शोध ला पाच पॅरामीटर जात होते ते दोनावर आले, दूधप्रत आणि दरपत्रक. गाय-म्हैस बघायचं कामच उरलं नाही तिथे, कारण ते दरपत्रक निवडतानाच ठरतं.

तुकडा काढला, टेस्ट चालवली, हिरवी आली (म्हणजे आउटपुट जुळलं), कमिट (म्हणजे तेवढा बदल गिटमध्ये नोंदवून टाका). लगेच. "अजून दोन तुकडे काढून मग करतो" असं नको, कारण तिसऱ्या तुकड्याला आउटपुट बदललं तर कोणत्या पायरीला बिघडलं ते शोधत बसावं लागतं. एक तुकडा एक कमिट असेल तर शेवटची पायरी फेकून द्यायची आणि परत करायची, दहा मिनिटांचं नुकसान.

पायरी ४: नाव (इथे सर्वात जास्त वेळ द्या)

एडिटर मेथड काढून देतो पण नाव तुम्हालाच द्यावं लागतं, आणि माझ्या मते सगळ्या कामातला अर्धा वेळ इथे गेला तरी चालेल. चारशे ओळींच्या वीस मेथड केल्या आणि नावं प्रोसेस, हँडल, कॅल्क्युलेट_टू, हेल्पर, डू_स्टेप_थ्री अशी ठेवली तर आधी निदान एका जागी वरून खाली वाचता येत होतं, आता वीस जागी उड्या मारायच्या. म्हणजे आधीपेक्षा वाईट.

नाव कुठून आणायचं? काउंटरवरून. हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आमच्या कोडमध्ये अॅडजस्टमेंट_अमाउंट नावाचं एक व्हेरिएबल होतं, त्याच्यात नेमकं काय येतं ते टीममध्ये कोणालाच धड सांगता येत नव्हतं. मी संस्थेत जाऊन एक दिवस नुसता बसलो, सचिव एका सभासदाला समजावून सांगत होते, "तुमची उचल यातनं कापली, पेंडीची दोन पोती आहेत, आणि मागच्या बिलाची बाकी राहिली होती ती पण आलीय." झालं, तीन मेथड्सची नावं मिळाली. उचल_कपात, पशुखाद्य_कपात, मागची_बाकी. दिवाळीला वर्षभराच्या दुधावर जे जास्तीचे पैसे देतात त्याला तिथे सगळे दूध फरक म्हणतात, कोडमध्ये त्याला बोनस म्हटलं होतं, आणि पगाराच्या मॉड्यूलमध्ये कर्मचाऱ्यांचा पण बोनस होता, दोन्हींचा घोळ झालेला. नाव दूध_फरक केलं आणि घोळ संपला.

तुम्ही बँकेच्या कोडवर असाल तर कॅशियर काय म्हणतो ते ऐका, हॉस्पिटलच्या असाल तर सिस्टर काय म्हणतात ते. सॉफ्टवेअर यायच्या आधीपासून त्या कामाची नावं ठरलेली असतात, लोक ती रोज वापरत असतात. इंग्रजीत नाव लिहायचं असेल तरी आधी मराठीत एका वाक्यात सांगून बघा की ही मेथड काय देते, आणि मग त्याचं इंग्रजी करा. टीममध्ये सगळ्यांना कळत असेल तर उचल हा शब्द रोमन अक्षरांत तसाच ठेवायला पण काही हरकत नाही, अॅडव्हान्सपेक्षा तो जास्त नेमका आहे.

अजून काही गोष्टी ज्या मी रिव्ह्यूमध्ये कायम बघतो. नावात "आणि" आलं, जसं बिल_लिही_आणि_एसएमएस_पाठव, तर नाव खोडू नका, मेथड फोडा. खरं-खोटं देणाऱ्या मेथडचं नाव प्रश्नासारखं वाचता आलं पाहिजे, फॅट_नोंदलं_आहे_का, म्हणजे इफमध्ये सरळ वाक्य तयार होतं. आणि जी मेथड काहीतरी लिहिते, पाठवते, पुसते, तिच्या नावात ते दिसलंच पाहिजे. बिल_मिळव असं नाव आहे आणि आत डेटाबेसमध्ये नवीन बिल लिहितेय, अशी मेथड एक दिवस कोणीतरी रिपोर्टमधून कॉल करतो आणि एकाच सभासदाची दोन बिलं निघतात. माहिती देणारी मेथड वेगळी आणि बदल करणारी वेगळी, एवढं पाळलं तरी निम्मे बग होत नाहीत असा माझा अनुभव आहे.

पहिल्या फटक्यात चांगलं नाव सुचलं नाही तर अडून बसू नका, खरं काय ते लांब का होईना लिहा. फॅट_शून्य_असेल_तर_आधीच्या_वेळचं_फॅट असं लांबलचक नाव मी दोन दिवस ठेवलं होतं, मग कळलं की सचिव त्याला "मागचं फॅट लावणं" म्हणतात. रीनेम करायला इंटेलिजेमध्ये शिफ्ट-एफ-सहा आणि व्हीएस कोडमध्ये एफ-दोन, दोन सेकंदाचं काम.

पायरी ५: लूप आणि इफची गुंतागुंत

सोपे तुकडे निघाले की मधला लूप उरतो. त्यात इफच्या आत इफ. आधी उलट्या कंडिशन वर घ्या. म्हणजे "नोंद रद्द नसेल तर, आणि लिटर शून्यापेक्षा जास्त असेल तर, आणि सभासद चालू असेल तर" असं चार पायऱ्या आत जाण्यापेक्षा, "नोंद रद्द असेल तर सोडून दे" असं वरतीच लिहून मोकळं व्हायचं. कोड डाव्या बाजूला सरकतो आणि मुख्य काम दिसायला लागतं.

मग लूपचं पोट पूर्ण उचलून एका मेथडमध्ये टाका, नोंदीची_रक्कम(नोंद, दरपत्रक). लूपमध्ये राहते फक्त बेरीज. एकाच लूपमध्ये लिटरची बेरीज, रकमेची बेरीज आणि सरासरी फॅट असं तिन्ही चाललं असेल तर तीन वेगळे लूप करायला मागेपुढे बघू नका. लोक म्हणतात स्लो होईल. दहा दिवसांच्या वीस नोंदी असतात हो, वीसवर तीनदा फिरलं तर काहीही फरक पडत नाही. स्लो होतं ते वेगळ्याच कारणाने: तुम्ही दर_शोध काढलं, छान छोटी मेथड झाली, पण तिच्या आत डेटाबेस क्वेरी आहे आणि ती प्रत्येक नोंदीला चालतेय. एक हजार सभासद गुणिले वीस नोंदी, वीस हजार क्वेरी. दरपत्रक एकदाच आणा, लूपच्या बाहेर, आणि मेथडला हातात द्या. छोट्या मेथडचा हा एक खरा धोका आहे, महाग काम नावाच्या मागे लपून जातं.

राउंडिंगबद्दल वेगळं सांगतो, कारण मी स्वतः ही चूक केलीय

मूळ कोडमध्ये लूपच्या आत प्रत्येक नोंदीची रक्कम दोन दशांशांपर्यंत राउंड होत होती. मला वाटलं हे प्रत्येक वेळी कशाला, बेरीज झाल्यावर एकदाच करू, कोड स्वच्छ होईल. माझ्या त्या वेळच्या टेस्टमध्ये लिटर सगळे पूर्ण आकडे होते त्यामुळे काही पकडलं गेलं नाही.

आता गणित बघा. ७.३ लिटर दूध, दर ३१.१५, रक्कम होते २२७.३९५. स्लिपवर छापलं जातं २२७.४०. अशा वीस नोंदी असल्या तर स्लिपांची बेरीज ४५४८.००, आणि माझ्या नवीन कोडने बिल काढलं ४५४७.९०. दहा पैसे कमी. आता दहा पैशांनी कोणाचं काय बिघडतं असं शहरात बसून वाटेल, पण सभासदाने वीस स्लिपा जपून ठेवलेल्या असतात, घरातलं पोरगं कॅल्क्युलेटरवर बेरीज करतं आणि ती बिलाशी जुळत नाही. मग प्रश्न दहा पैशांचा राहत नाही, हिशोबावरच्या विश्वासाचा होतो, आणि तो काउंटरवर सचिवांना ऐकून घ्यावा लागला, मला नाही. मी तो बदल त्याच दिवशी परत फिरवला आणि त्या ओळीला नाव दिलं, स्लिपवरची_रक्कम. त्या नावामुळे पुढच्या माणसाला कळतं की राउंडिंग इथे का आहे, आणि तो माझ्यासारखं ते उचलून खाली नेणार नाही.

याच्याशी जोडून अजून दोन गोष्टी. पायथनमधलं राउंड बरोबर मधल्या आकड्याला सम संख्येकडे नेतं, म्हणजे २.५ चं २ आणि ३.५ चं ४, आणि जावाचं मॅथ-राउंड २.५ चं ३ करतं, त्यामुळे एका भाषेतनं दुसरीकडे कोड नेताना हे तपासा. आणि पैसे फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणारा टाइप) असतील तर बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटच्या दशांशात फरक येऊ शकतो, जसं गाय आणि म्हैस वेगळे लूप करून मग बेरीज केली तर. पैसे फ्लोटमध्ये नसावेतच, डेसिमल टाइप वापरायला पाहिजे हे बरोबर आहे, पण तो बदल आत्ता नाही करायचा, तो वेगळा.

पायरी ६: सापडलेले बग वहीत लिहा, कोडमध्ये हात घालू नका

मेथड फोडताना बग दिसतात, हमखास. कपात बिलापेक्षा जास्त असेल तर मायनस रक्कम बँक फाइलमध्ये जातेय, म्हशीच्या दुधाला फॅट शून्य असेल तर मागचं फॅट लावताना गायीचं लागतंय, असं काहीबाही. हात शिवशिवतात. पण तिथल्या तिथे दुरुस्त केलं तर तुमची आउटपुट ताडून बघायची टेस्ट लाल होते आणि मग कळत नाही की लाल तुमच्या दुरुस्तीमुळे झाली का दुसरं काही बिघडलं म्हणून. एका वहीत किंवा फाइलमध्ये लिहून ठेवा, ओळ नंबरसकट, आणि रिफॅक्टरिंग पूर्ण झाल्यावर एकेक वेगळ्या कमिटमध्ये घ्या. शिवाय काही गोष्टी बग वाटतात पण संस्थेने मुद्दाम मागून घेतलेल्या असतात, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

रिव्ह्यू करणाऱ्याचा पण विचार करा. नुसती हलवलेली ओळ आणि बदललेली ओळ एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (रिव्ह्यूला पाठवलेल्या बदलात) मिसळली तर त्याला काहीच दिसत नाही. गिट डिफला कलर-मूव्हड हा ऑप्शन दिला की हलवलेल्या ओळी वेगळ्या रंगात दिसतात, रिव्ह्यूच्या कमेंटमध्ये हे लिहून द्या, समोरचा तुमचे आभार मानेल.

कधी थांबायचं

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, मेथड किती ओळींची असावी. कोड तपासणाऱ्या टूल्सचं बघायचं तर रुबोकॉपची डिफॉल्ट मर्यादा १० ओळी आहे, ईएसलिंटच्या नियमात ५०, आणि जावाच्या चेकस्टाइलमध्ये १५०. तीन टूल्स, तीन आकडे, त्यामुळे आकड्यावर भांडू नका. ओळींपेक्षा फांद्या मोजणं मला जास्त उपयोगी वाटतं. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी मांडली, साध्या भाषेत प्रत्येक इफ आणि लूप मोजायचा आणि त्यात एक मिळवायचा, आणि त्यांनी १० ही वाजवी मर्यादा सुचवली होती. आमची मूळ मेथड साठच्या वर होती, फोडल्यावर सर्वात गुंतागुंतीची मेथड सातवर आली.

पण एखादी मेथड लांब आहे आणि सरळ आहे, समजा दरपत्रकाचे ऐंशी रकाने एक्सेलमधून एकेक करून वाचतेय, एकही इफ नाही, तर राहू द्या तिला. आणि उलट, एका ओळीची मेथड काढली जिचं नाव त्या ओळीपेक्षा काही जास्त सांगत नाही, तर ती परत आत घाला, त्यालाही कमांड आहे, इंटेलिजेमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एन. काढलेली मेथड परत आत घालण्यात कमीपणा काही नाही, मी दर वेळी तीन-चार परत घालतोच.

माझी स्वतःची कसोटी अशी आहे की वरची मुख्य मेथड मोठ्याने वाचायची, आणि ती सचिवांना वाचून दाखवली तर त्यांना समजेल का बघायचं. आमची शेवटी अशी झाली:

सभासदाचं_बिल(सभासद, कालावधी, दरपत्रक)
    नोंदी = संकलनाच्या_नोंदी(सभासद, कालावधी)
    दुधाची_रक्कम = बेरीज(स्लिपवरची_रक्कम(नोंद, दरपत्रक), प्रत्येक नोंदीसाठी)
    कपात = पशुखाद्य_कपात(सभासद, कालावधी)
         + उचल_कपात(सभासद, कालावधी)
         + मागची_बाकी(सभासद)
    परत दे बिल(सभासद, नोंदी, दुधाची_रक्कम, कपात)

लिहिणं, एसएमएस आणि प्रिंट यातनं पूर्ण बाहेर गेलं, ते बिल तयार झाल्यावर वेगळीकडून होतं, त्यामुळे छापायचं_का हा पॅरामीटरच उडाला. खरं-खोटं घेणारा असा पॅरामीटर दिसला की समजायचं मेथडमध्ये दोन मेथड्स आहेत, कॉल करणाऱ्या जागी नुसतं "खरं" लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला कळत नाही काय खरं. आणि आता बिल काढलं तरी कुणाला एसएमएस जात नाही, म्हणजे पहिल्या पायरीला जी भीती होती ती पण गेली, टेस्ट कितीही वेळा चालवा.

हे सगळं मी खरीखुरी शाळा भरवल्यासारखं सलग केलं नव्हतं, रोज तास-दीड तास, दुसऱ्या कामांच्या मध्ये, साधारण तीन आठवडे. तुम्ही पण पूर्ण मेथड फोडायला वेगळा वेळ मागू नका, बहुतेक वेळा मिळत नाही. ज्या भागात बदल करायला आलाय तेवढाच भाग आधी बाहेर काढा, नाव द्या, कमिट करा, आणि मग तुमचा बदल त्या छोट्या मेथडमध्ये करा. वर जो "दोन ओळींचा बदल" म्हटला होता तो आमच्याकडे पशुखाद्याची कपात दोन हप्त्यांत करायची असा होता, आणि पशुखाद्य_कपात वेगळी निघाल्यावर तो खरंच दोन ओळींत झाला. त्यानंतर वही उघडली, पहिली नोंद मायनस बिलाची होती, सचिवांना फोन लावला की असं झालं तर काय करायचं. ते म्हणाले, पुढच्या बिलात ओढा. मागची_बाकी ही मेथड तयारच होती.